तुटक रेषा

मागच्या महिन्यात भूगोलाचे सर रजेवर होते आणि नववीचा बदली तास माझ्याकडे आला. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. भूगोलाशी माझा संबंध बी.एड.च्या दिवसांत काढलेल्या दोन-चार पाठांपुरता. म्हणून सोपे काम दिले. भारतीय सर्वेक्षण खात्याचा एक जुना नकाशा फळ्यावर टांगला आणि सांगितले, सूचीतली चिन्हे नकाशात शोधा. दहा मिनिटे बरी गेली. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, हा रस्ता असा तुटक तुटक का काढलाय? छापताना शाई संपली का?"

वर्ग हसला, मीही हसलो. उत्तर सूचीतच होते. पक्का रस्ता अखंड रेषेने दाखवतात, कच्चा रस्ता तुटक रेषेने. पण पोरगा तेवढ्यावर थांबला नाही. डोंगराच्या बाजूला तपकिरी रंगातल्या समोच्च रेषा होत्या. बहुतेक सगळ्या अखंड, पण कड्याजवळ काही तुटक. "मग हा डोंगरपण कच्चा आहे का सर?"

आता मात्र घरी जाऊन पुस्तक उघडावे लागले. सर्वेक्षकाने जिथे प्रत्यक्ष मोजणी केली तिथे समोच्च रेषा अखंड असते. जिथे कडा उभा आहे, जमीन अडचणीची आहे, जिथे मोजणी न करता बाहेरूनच आकाराचा अंदाज घेतला, तिथे ती तुटक काढतात. डोंगर आहे यात शंका नाही, त्याचा आकारही साधारण असाच आहे, पण मी तिथे साखळी लावलेली नाही, एवढे सगळे सर्वेक्षक त्या मधल्या फटींमधून सांगतो. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला हे सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे खरं बोलायची रेघ." मुले कधी कधी असे बोलून जातात.

त्या वाक्यानंतर मी तुटक रेषांच्या मागेच लागलो. त्याला आमच्या गावातले एक कारणही आहे. आमच्या पेठेतून जाणारी एक तुटक रेषा आणि आमच्याच मशिदीच्या स्मरणिकेत छापलेले एक साल, यांनी गेले वर्षभर आम्हाला पुरते दमवले आहे. त्याकडे शेवटी येतो.

आधी थोडे शब्दांचे. उर्दूत रेषेला खत म्हणतात, चिठ्ठीला खत म्हणतात आणि हस्ताक्षरालाही खतच म्हणतात. मराठी आणि उर्दू दोन्ही शिकणाऱ्या मुलांची यावरून रोज करमणूक होते, कारण मराठीतले खत शेतात टाकायचे असते. पण रेषा आणि अक्षर यांना एकच शब्द असणे हा योगायोग नाही. अब्बासी दरबारात वजीर असलेल्या इब्न मुक्ला यांनी अरबी अक्षरांना माप घालून दिले आणि ते माप ठिपक्याचे होते. बोरूचे टोक कागदावर तिरपे दाबले की चौकटीच्या इक्क्यासारखा जो नुक्ता उमटतो, त्याने अलिफची उंची मोजायची आणि अलिफवरून बाकीची अक्षरे. आजही नस्तालीक शिकवताना उस्ताद अलिफ तीन कताचा काढायला लावतात, आणि बाजूला तीन नुक्ते एकाखाली एक मांडून दाखवतात. अक्षर पक्के झाले की ते नुक्ते कोणी काढत नाही. इब्न मुक्ला यांचे पुढे वाईट झाले. राजकारणात त्यांचा उजवा हात तोडला गेला आणि ९४० मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या ठिपक्यांचे माप मात्र हजार वर्षे चालू आहे. पहिलीतली मुले ठिपक्यांवरून 'क' गिरवतात किंवा 'बे' गिरवतात, तेव्हा तीही त्याच रांगेत असतात.

ठिपक्यांची ही रीत इमारतींच्या कामात कुठवर गेली होती, हे सांगणारी एक वस्तू इस्तंबूलला आहे. तोपकापी राजवाड्याच्या ग्रंथसंग्रहात कागदाची एक गुंडाळी ठेवलेली आहे. रुंदी फुटाहून थोडी जास्त आणि लांबी साडेएकोणतीस मीटर. पंधराव्या शतकाच्या शेवटी किंवा सोळाव्याच्या सुरुवातीला, बहुधा इराणात, कोणा उस्तादाने ती तयार केली. त्याचे नाव तिच्यावर नाही. तिच्यात ११४ आकृत्या आहेत. भिंतीवरची नक्षी, घुमटाच्या आतले मुकर्नस, चौकोनी कुफी लिपीतले मजकूर. हार्वर्डच्या प्राध्यापिका गुलरू नेजिपोग्लू यांनी १९९५ साली ती संपूर्ण अभ्यासासह प्रसिद्ध केली, तेव्हा जगाला तिची नीट ओळख झाली.

या आकृत्यांत रेषांचे थर आहेत. सगळ्यांत खाली शाई नसलेल्या रेषा. कर्कटकाच्या आणि सुईच्या टोकाने कागदावर नुसत्या ओरखडून काढलेल्या, उजेड तिरपा पडला तरच दिसणाऱ्या. काही आकृत्यांत त्यावर लाल ठिपक्यांच्या रेषा आहेत आणि सगळ्यांत वर काळ्या शाईची अखंड नक्षी. भिंतीवर जायची ती फक्त काळी. विटा किंवा फरशा बसल्या की लाल ठिपके आणि ओरखडे कोणालाच दिसत नसत. पण सगळा हिशेब त्यांच्यातच होता. दहा टोकांचा तारा पुढच्या ताऱ्याला नेमका कुठे भेटेल हे त्या न दिसणाऱ्या रेषा ठरवत. बीबी का मकबऱ्याच्या सहलीला मी मुलांना संगमरवरी जाळीचे कोन मोजायला लावतो. ती नेहमी विचारतात, सर, हे एवढे जुळते कसे? आता निदान हे सांगू शकतो की जुळवणाऱ्या रेषा पुसून टाकलेल्या असतात.

हे ज्ञान केवळ मिस्त्रींचे नव्हते. दहाव्या शतकात बगदादला अबुल वफा बुझजानी हे मोठे गणिती होते. कारागिरांना लागणाऱ्या भूमितीवर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. गणितज्ञ आणि कारागीर समोरासमोर बसून चर्चा करत, असे त्या काळातल्या लिखाणावरून दिसते. गणितज्ञाची कृती बिनचूक पण प्रत्यक्षात किचकट, कारागिराची कृती सोपी पण किंचित चुकणारी. बुझजानी दोघांनाही त्यांच्या चुका सांगतात. हा भाग मला फार आवडतो.

तोपकापीच्या त्या लाल ठिपक्यांनी २००७ साली मोठी बातमी केली. हार्वर्डमधला पीटर लू हा संशोधक विद्यार्थी उझबेकिस्तानातल्या इमारती पाहून आला होता. त्याने प्रिन्स्टनच्या पॉल स्टाइनहार्ट यांच्याबरोबर 'सायन्स' या नियतकालिकात निबंध लिहिला. या नक्षीच्या मागे पाच ठरावीक आकार आहेत, असे त्यांचे म्हणणे. दशकोन, पंचकोन, लांबट षट्कोन, समभुज चौकोन आणि फुलपाखरी टायसारखा एक आकार. हे आकार एकमेकांना लावत गेले की नक्षी आपोआप जुळते. पुरावा म्हणून त्यांनी तोपकापीच्या गुंडाळीतली आकृती दाखवली. तिथे काळ्या नक्षीखाली नेमके हेच आकार लाल ठिपक्यांनी आखलेले आहेत. इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम या १४५३ सालच्या दर्ग्यावरची नक्षी तर अशी आहे की रॉजर पेनरोज यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या, कधीही तंतोतंत पुनरावृत्ती न होणाऱ्या रचनेच्या ती अगदी जवळ जाते.

यानंतर व्हॉट्सॅपवर काय फिरले ते तुम्हालाही आले असेल. मुसलमानांनी पेनरोजच्या आधी पाचशे वर्षे हे गणित सोडवले होते! मूळ निबंध असे म्हणत नाही. त्या रचनेचे गणिती मर्म कारागिरांना ठाऊक होते की नाही, हे भिंतीवरून सांगता येत नाही. त्यांना पद्धत माहीत होती, हात तयार होता, नजर तयार होती. यापुढचे अनुमान आहे आणि त्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मी ज्या गटात हे लिहिले तिथे मला विचारले गेले, "सर, तुम्हाला आपल्या लोकांचे चांगले पाहवत नाही का?" पाहवते. पाचशे वर्षांपूर्वीच्या उस्तादाने लाल ठिपके आणि काळी शाई यांत फरक ठेवला होता. त्याच्याबद्दल लिहिताना आपण तो ठेवला नाही, तर त्याचे कौतुक कसले?

युरोपात या कामाला शास्त्राचे रूप आले ते अठराव्या शतकात. गास्पार मोंझ हा फ्रेंच गणिती मेझिएरच्या लष्करी विद्यालयात होता. किल्ल्याची तटबंदी आखायचे एक काम त्याने आकडेमोडीऐवजी रेखाटनाने चटकन सोडवले. पद्धत इतकी उपयोगी निघाली की ती बरीच वर्षे लष्करी गुपित म्हणून ठेवली गेली. १७९५ साली त्याने पॅरिसला त्यावर उघडपणे व्याख्याने दिली. वरून, समोरून आणि बाजूने दिसणारी दृश्ये काढायचे जे शिक्षण आज आयटीआयपासून इंजिनिअरिंगपर्यंत देतात, त्याचे मूळ मोंझपाशी आहे. त्यात नियम असा की डोळ्यांना दिसणारी कड अखंड काढायची आणि पुढच्या भागामुळे झाकलेली कड तुटक. ड्रॉइंगच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्यांना हे आठवत असेल. सुताराला फळीच्या आतले छिद्र कुठे आहे ते या तुटक रेषेने कळते. ती रेषा अखंड काढली तर तो तिथे कड आहे असे समजून लाकूड कापेल.

रस्त्यावर या रेषा फार उशिरा आल्या. मोटारी येईपर्यंत त्यांची गरजच नव्हती. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, वेन परगण्याच्या रस्ते मंडळावर असलेल्या एडवर्ड हाइन्स यांनी १९११ साली रस्त्याच्या मधोमध पांढरी रेषा आखून घेतली. दुधाच्या गाडीतून सांडलेल्या दुधाची रेघ पाहून त्यांना ते सुचले अशी कथा सांगतात. तिकडे कॅलिफोर्नियात जून मॅकॅरोल या डॉक्टर बाईंची मोटार १९१७ साली समोरून आलेल्या ट्रकने रस्त्याखाली ढकलली. त्यांनी अधिकाऱ्यांना रस्त्यावर मधोमध रेघ आखायला सांगितले. कोणी दाद देईना, तेव्हा स्वतः ब्रश घेऊन आखली. पुढे महिला मंडळांना बरोबर घेऊन अर्जविनंत्या करत राहिल्या आणि १९२४ साली राज्याने ती रीत स्वीकारली. सात वर्षे!

पुढे रेषेची भाषा पक्की झाली. अखंड रेषा ओलांडायची नाही. तुटक रेषा, समोर पाहून, धोका नाही अशी स्वतः खात्री करून ओलांडता येते. दोन्ही शेजारी शेजारी असतील तर आपल्या बाजूची रेषा आपल्याला लागू. वळण किंवा धोक्याची जागा जवळ आली की मधल्या फटी आखूड होत जातात आणि शेवटी रेषा जोडली जाते. या फटींत रंगाची बचतही आहे, पण खरी गोष्ट अशी की त्या जागी निर्णय तुमच्यावर सोपवलेला असतो. आणि आपली नजर किती फसवी असते ते पाहा. अमेरिकेत महामार्गावरचा एक पट्टा दहा फूट लांब असतो आणि मधली फट तीस फुटांची. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डेनिस शेफर यांनी विद्यार्थ्यांना विचारले, पट्टा किती लांब असेल? बहुतेकांचे उत्तर होते दोन फूट. मी आमच्या स्टाफरूममध्ये आपल्या महामार्गावरच्या पट्ट्याबद्दल विचारले तर एका सरांनी दीड फूट सांगितले. ते रोज तिथूनच पस्तीस किलोमीटर येतात.

पण तुटक रेषेची खरी परीक्षा नकाशावर होते, कारण तिथे कोणीतरी येऊन ती जोडून टाकतो.

जेम्स रेनेल हे नाव भूगोलाच्या लोकांना माहीत असते. १७६७ साली ते बंगालचे पहिले सर्वेक्षक प्रमुख झाले. भारताच्या नकाशाशास्त्राचे जनकच म्हणतात त्यांना. माणूस मेहनती आणि चोख. पुढे लंडनला राहत असताना मंगो पार्क या प्रवाशाच्या आफ्रिकेतल्या वृत्तांतासाठी त्यांनी १७९८ मध्ये नकाशा केला. पार्क यांनी दूरवर काही डोंगर पाहिल्याचे लिहिले होते. नायजर नदी समुद्राकडे न वळता पूर्वेला का जाते, याचे उत्तर रेनेल शोधत होते. त्यांनी पश्चिम आफ्रिकेत आडवी अशी एक लांबलचक पर्वतरांग काढली, काँग पर्वत. तिथे ती नाही. कधीच नव्हती. पण रेनेल यांच्या नावाचे वजन असे की पुढच्या नकाशाकारांनी ती उतरवून घेतली, काहींनी आणखी लांबवली. बँझे नावाचे फ्रेंच अधिकारी १८८० च्या दशकाच्या शेवटी त्या भागातून चालत गेले. त्यांनी परत येऊन सांगितले, पर्वत सोडा, क्षितिजावर टेकड्यांची ओळसुद्धा नाही. सुमारे नव्वद वर्षे जगातल्या शाळांतली मुले नसलेला पर्वत पाठ करत होती. रेनेल यांनी तिथे फटी सोडल्या असत्या तर त्यांचे काही बिघडले नसते. त्यांच्याच आधी फ्रान्सच्या दानविल यांनी १७४९ साली आफ्रिकेच्या नकाशात जिथली खात्रीची माहिती नाही तिथे कागद कोरा ठेवला होता, आणि आज त्यांचे नाव त्या कोऱ्या जागांसाठीच घेतले जाते.

तुटक रेषा नेहमीच खरे बोलते असेही नाही. चीनच्या तेव्हाच्या सरकारने १९४७ साली दक्षिण चीन समुद्राभोवती अकरा तुटक रेघा ओढल्या. नंतरच्या कम्युनिस्ट सरकारने त्यांतल्या दोन काढल्या, नऊ राहिल्या. या रेघांच्या आतले पाणी चीनचे, की फक्त बेटे चीनची, की आणखी काही, हे कधी स्पष्ट केलेच नाही. इथे फटी संदिग्धपणा राखायला कामी आल्या. फिलिपाइन्सच्या तक्रारीवर हेगच्या लवादाने १२ जुलै २०१६ रोजी निकाल दिला की या रेघांच्या आतल्या ऐतिहासिक हक्कांना कायद्याचा आधार नाही. चीनने तो मानला नाही. २०२३ च्या नकाशात रेघा दहा झाल्या.

आपल्या उपखंडातले उदाहरण जास्त जिव्हारी लागणारे आहे. १९४९ च्या जुलैत कराचीला भारत आणि पाकिस्तानच्या अधिकाऱ्यांनी काश्मीरमधली युद्धबंदी रेषा ठरवली. ती एनजे ९८४२ या बिंदूपाशी संपते. पुढे फक्त बर्फ होता. तिथे कोण जाणार, कशाला जाणार, म्हणून करारात एवढेच लिहिले की तिथून पुढे उत्तरेला हिमनद्यांकडे. १९७२ च्या सिमला करारानंतर ताबारेषा आखली, तीही तिथेच थांबली. म्हणजे दोन्ही वेळा, दोन्ही देशांच्या सहीने, कागदावर पुढची जागा मोकळी होती.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेच्या लष्करी नकाशांत मात्र त्या बिंदूपासून काराकोरम खिंडीपर्यंत एक सरळ रेघ दिसू लागली. दोन्ही देशांनी ती कधी ठरवली नव्हती. हे नकाशे जगभरातले गिर्यारोहक वापरत. त्या रेघेप्रमाणे सियाचीन पाकिस्तानच्या बाजूला जात होती, म्हणून मोहिमा परवान्यासाठी तिकडे जाऊ लागल्या. १९७७ च्या सुमारास कर्नल नरेंद्र कुमार यांच्याकडे एक जर्मन माणूस सिंधू नदीतून नावा नेण्याची योजना घेऊन आला. त्याच्या हातातल्या नकाशात कर्नलसाहेबांना ती रेघ दिसली. त्यांनी वरिष्ठांना कळवले, स्वतः मोहीम घेऊन हिमनदीवर गेले. १३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय सैनिक तिथे उतरले. उत्तरेला म्हणजे पाणलोटाच्या कण्यावरून, असे दिल्लीचे म्हणणे. काराकोरम खिंडीकडे, असे इस्लामाबादचे.

तेव्हापासून ७६ किलोमीटर लांबीच्या त्या बर्फावर माणसे मरत आली आहेत, आणि गोळीपेक्षा थंडीने, विरळ हवेने आणि हिमस्खलनाने जास्त. २००३ च्या नोव्हेंबरपासून तिथे गोळीबार थांबला, पण एप्रिल २०१२ मध्ये गयारी इथे पाकिस्तानचे १४० लोक बर्फाखाली गेले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये आपले दहा जवान. नकाशाच्या त्या एका रेघेमुळेच सगळे झाले असे मी म्हणत नाही. दोन्हीकडे कारणे पुष्कळ होती. पण दोन देशांनी मोकळी ठेवलेली जागा तिसऱ्याने कुठल्यातरी कचेरीत पट्टी ठेवून भरली, हे खरे आहे.

आता आमच्या पेठेची गोष्ट.

आमच्या गावच्या जुन्या मशिदीच्या दारावर एक फारसी शिलालेख आहे. शेवटच्या ओळीत अबजद पद्धतीने साल गुंफलेले आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला आकडा असतो, सगळे आकडे मिळवले की हिजरी साल निघते. पाच वर्षांपूर्वी कमिटीने स्मरणिका काढायचे ठरवले आणि उर्दूचा मास्तर म्हणून साल काढायचे काम माझ्याकडे आले. मी चार रविवार तिथे टॉर्च तिरपा धरून बसलो. सगळी अक्षरे लागली, एक सोडून. तो दगड झिजला आहे. ते अक्षर 'दाल' असू शकते किंवा 'रे'. अबजदमध्ये दालचे मोल ४ आणि रेचे २००. दाल धरला तर साल ९२५ येते, म्हणजे इसवी १५१९, निजामशाहीचा काळ. रे धरला तर ११२१, म्हणजे इसवी १७०९, औरंगजेबाच्या मृत्यूनंतर दोन वर्षे. एका अक्षराने १९६ वर्षांचा फरक!

मी दोन्ही शक्यता लिहून दिल्या. अक्षराच्या ठेवणीवरून मला दुसरी जास्त पटते हेही लिहिले. स्मरणिका छापून आली तेव्हा पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होते, स्थापना इसवी सन १५१९. मी अध्यक्षांकडे गेलो. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, सज्जन माणूस. म्हणाले, "मास्तर, लोकांना 'असेल किंवा नसेल' चालत नाही. आणि जुनं असलं तर वाईट काय?" मी गप्प बसलो. चूक तिथे माझी झाली. तेव्हाच एक पत्र लिहून दिले असते तर पुढचे टळले असते.

गेल्या वर्षी शहराचा नवा विकास आराखडा लागला. आमच्या पेठेतून एक रुंद रस्ता त्यात तुटक रेषांनी दाखवला होता. एक रेषा थेट वुजूखान्यावरून आणि मागच्या दोन घरांवरून जात होती. गावात एकच कल्लोळ झाला, मशीद पाडणार म्हणून. तरुण पोरे तापली. मी आणि दोन वकील मित्र आराखड्याच्या कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने सूचीवर बोट ठेवले. तुटक म्हणजे प्रस्तावित. हरकती आणि सूचना द्या, मुदत आहे. आम्ही परत येऊन जुम्म्याच्या नमाजनंतर हेच समजावून सांगितले. घाबरण्यासारखे आहे, पण ठरलेले नाही. ज्यांची घरे जात होती त्यांतले एक घर मराठा कुटुंबाचे. त्यांच्या काकूंनीच पहिली हरकत लिहिली.

आमच्या हरकतीबरोबर आमच्याकडची सनद जोडली. मशिदीच्या खर्चासाठी जमिनीचे उत्पन्न लावून दिल्याची, मोहोर असलेली, साल स्वच्छ वाचता येणारी सनद. ती अठराव्या शतकातली आहे. कमिटीतल्या कोणीतरी भर म्हणून स्मरणिकाही जोडली. सुनावणीच्या आधीच एका स्थानिक साप्ताहिकात लेख आला. लेखकाने शिलालेखाचा फोटो छापला होता आणि विचारले होते, या झिजलेल्या अक्षरावरून १५१९ कसे काढले? जे साल मनाने घालतात त्यांची सनद तरी खरी कशावरून? पहिला प्रश्न मीच पाच वर्षांपूर्वी विचारला होता, त्यामुळे त्यावर मला काही बोलता येईना. दुसरा प्रश्न चुकीचा होता, पण पहिला बरोबर असल्यामुळे लोकांना दुसराही पटला. चौकात चहाच्या टपरीवर मला माझ्याच माजी विद्यार्थ्याने विचारले, सर, सनद पण तशीच आहे का?

सुनावणीत मी उभा राहिलो. सांगितले की स्मरणिकेतले साल सिद्ध झालेले नाही, ते आम्ही मागे घेतो, शिलालेखाचे दोन्ही पाठ लेखी देतो. सनद वेगळी ठेवून तपासा, हवी तर पुराभिलेख विभागाकडे पाठवा. कमिटीतले दोघे माझ्याकडे पाहत होते, ते पाहणे मला अजून आठवते. समितीने सनदेची प्रत घेतली, मूळ कागद पाहिला, काकूंच्या खरेदीखताची प्रत घेतली. स्मरणिका परत केली.

निर्णय अजून आलेला नाही. आराखड्यात ती रेषा आजही तुटकच आहे.

परवा अध्यक्षसाहेबांचा फोन आला. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढायची आहे. दोन्ही साले छापायची, मध्ये 'किंवा' घालायचा, हे त्यांनी आपणहूनच ठरवले होते. त्यांना एवढेच विचारायचे होते की 'किंवा' ठळक टायपात घ्यायचा की साध्या.